तोफगोळ्यातला रेडिओ आणि तो घडवणारे हात

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला तोफेने विमान पाडणं फार अवघड होतं. विमान ताशी साडेचारशे किलोमीटरने येतंय, चांगलंच उंचावर आहे, आणि खालून सुटलेला गोळा तिथवर पोचायला सात-आठ सेकंद लागतात. तेवढ्यात विमान किलोमीटरभर पुढे गेलेलं असतं. गोळा नेमका विमानावर आदळेल ही आशा धरण्यात अर्थ नव्हता. म्हणून गोळ्याच्या टोकाला घड्याळासारखी एक यंत्रणा असे. सुटल्यापासून इतक्या सेकंदांनी फुटायचं, हे तिला आधीच लावून द्यायचं. अंदाज अर्ध्या सेकंदाने चुकला तरी गोळा दोन-अडीचशे मीटर अलीकडे नाहीतर पलीकडे फुटायचा आणि विमान सुखरूप निघून जायचं.

टोकावरच्या या यंत्रणेला फ्यूज म्हणतात. घरातल्या मीटरजवळच्या फ्यूजशी त्याचा काही संबंध नाही. गोळा कधी फुटणार हे ठरवणारा तो भाग.

मग गोळ्यालाच विमान जवळ आल्याचं कळलं तर? सेकंद मोजायचेच नाहीत. जवळ आलं की फुटायचं. ही कल्पना ब्रिटनमध्ये १९४०च्या सुमारास पुढे आली. ब्यूटमेंट, शायर आणि थॉमसन या तिघा ब्रिटिश संशोधकांनी ती मांडली, पण एकट्या ब्रिटनला एवढं उत्पादन झेपणारं नव्हतं. सप्टेंबर १९४० मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री टिझर्ड यांचं शिष्टमंडळ अमेरिकेत गेलं, तेव्हा रडारच्या गुपितांबरोबर हीही कल्पना तिथे पोचली. तिथे मर्ल ट्यूव्ह नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाचा गट याच प्रश्नाला भिडलेला होता. त्या गटातूनच १९४२ साली मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगची अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरी उभी राहिली. या वस्तूचं नाव प्रॉक्सिमिटी फ्यूज, म्हणजे जवळीक ओळखणारा फ्यूज. शत्रूची दिशाभूल व्हावी म्हणून कागदोपत्री मात्र त्याला ‘व्हीटी’, म्हणजे व्हेरिएबल टाइम, म्हणत.

तो चालायचा कसा, हे समजायला तंबोरा लावताना ऐकायचा. जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या सुरात असल्या की आवाजात एक लाट उठते: वाँव, वाँव, वाँव. तारा जुळत आल्या की लाट संथ होते, पुऱ्या जुळल्या की विरून जाते. दोन सुरांतला फरकच आपल्याला लाट म्हणून ऐकू येतो.

गोळ्याच्या टोकात एक चिमुकला रेडिओ सतत एकाच सुरात लहरी सोडत असतो. गोळ्याचं लोखंडी अंगच त्याची एरियल. लहर विमानावर आपटून परत येते. पण गोळा आणि विमान एकमेकांकडे धावत असल्याने परतलेल्या लहरीचा सूर थोडा चढलेला असतो, आपल्याकडे येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी ऐकू येते तसा. सुटलेली लहर आणि परतलेली लहर, या झाल्या दोन तारा. त्या एकमेकींत मिसळल्या की फ्यूजमध्ये तीच तंबोऱ्यातली लाट उठते. विमान लांब असेल तर परतणारी लहर क्षीण आणि लाटही क्षीण. जवळ येत जाईल तशी ती जोरकस होते. एका मर्यादेपलीकडे गेली की एक वायुभरला व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायची तशी, विजेचा प्रवाह आवरणारी काचेची नळी) बटणासारखं काम करतो, ठिणगी पडते आणि गोळा फुटतो. विमानापासून साधारण वीस मीटरच्या आत.

म्हणजे आपल्या मुठीत मावेल एवढ्या जागेत लहरी सोडणारं आणि झेलणारं मंडल, लाट मोठी करणारा ॲम्प्लिफायर, ते वायुभरलं बटण आणि या सगळ्याला वीज देणारी बॅटरी. ट्रान्झिस्टर अजून जन्माला यायचा होता. सगळं काम काचेच्या व्हॉल्व्हवर. आणि हे सगळं तोफेतून उडवायचं.

तोफेतून गोळा सुटतो तेव्हा त्यातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या वीस हजार पटीपर्यंत जोर येतो. एक ग्रॅमची तार त्या क्षणी वीस किलोची होते. शिवाय गोळा स्वतःभोवती सेकंदाला शेकडो गिरक्या घेत असतो. घरातल्या रेडिओचा व्हॉल्व्ह टेबलावरून पडला तरी कामातून जायचा. फ्यूजसाठी निवडलेल्या व्हॉल्व्हचं मूळ वेगळ्याच जागी होतं: कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानाच्या यंत्रात. ते व्हॉल्व्ह लहान होते, हलके होते, कमी विजेवर चालायचे. तेच घेऊन मजबूत करत नेले. पुढे पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांमुळे ज्यांचं नाव जगाला कळलं ते जेम्स व्हॅन ॲलन तेव्हा याच कामावर होते. व्हॉल्व्हच्या पोटातली केसाहून बारीक फिलामेंट तार धक्क्याने ढिली पडून तुटू नये म्हणून त्यांनी ती ताणून धरणारी एक स्प्रिंग योजली. चाचणीची रीत अगदी साधी होती. शेतात तोफ उभी करायची, व्हॉल्व्ह भरून गोळा सरळ वर उडवायचा, खाली पडला की जमिनीतून खणून काढायचा आणि आत काय मोडलं ते बघायचं.

बॅटरीची युक्ती मला फार आवडते. साधी कोरडी बॅटरी गोदामात पडून पडून निकामी व्हायची. म्हणून बॅटरीच्या मधोमध आम्लाची एक काचेची कुपी ठेवली. तोफ उडाली की धक्क्याने कुपी फुटते, गोळ्याच्या गिरकीने आम्ल बाहेर फेकलं जाऊन सभोवतालच्या पत्र्यांमध्ये पसरतं आणि त्या क्षणी बॅटरी जिवंत होते. ज्या धक्क्याने सगळं मोडायला हवं, त्याच धक्क्यावर हे यंत्र जागं व्हायचं.

१९४२च्या ऑगस्टमध्ये चेसापीक उपसागरात ‘क्लीव्हलँड’ या युद्धनौकेवर चाचणी झाली. समोर माणसाविना उडणारी तीन विमानं होती. तिन्ही मोजक्या गोळ्यांत पडली आणि आणखी विमानं हाताशी नसल्याने चाचणी तिथेच आटोपली. ५ जानेवारी १९४३ रोजी ग्वाडलकॅनालजवळ ‘हेलेना’ या नौकेने या फ्यूजने पहिलं जपानी विमान पाडलं.

इथवरची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यात शास्त्रज्ञांची नावं आहेत, नौकांची नावं आहेत. पण प्रयोगशाळेत दहा-वीस फ्यूज जुळवणं निराळं आणि युद्ध संपेपर्यंत सव्वादोन कोटींच्या आसपास फ्यूज तयार होणं निराळं. प्रत्येकात चार-पाच व्हॉल्व्ह. म्हणजे दहा कोटींच्या घरात व्हॉल्व्ह, आणि त्यातला प्रत्येक माणसाच्या बोटांनी जुळवलेला. ही बोटं बहुतेक बायकांची होती.

व्हॉल्व्हचा सर्वांत मोठा वाटा सिल्व्हेनिया या कंपनीचा. मूळ गाव पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरातलं एम्पोरियम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दिव्यांचे बल्ब बनायचे, १९२४ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह. काही हजार वस्तीचं हे गाव. युद्धात आजूबाजूच्या खेड्यांतून इतक्या तरुण मुली तिथे कामाला आल्या की एम्पोरियमला ‘गर्ल्स टाउन’, मुलींचं गाव, म्हणू लागले. याच कंपनीचा आणखी एक कारखाना मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच गावात, मोजे विणणाऱ्या जुन्या बंद गिरणीच्या इमारतीत सुरू झाला. गिरणी गेली, इमारत राहिली, आणि गावातल्या बायका पुन्हा त्याच फाटकातून आत जाऊ लागल्या. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

टेबलाशी बसलेल्या बाईचं काम जवळून पाहू. डोळ्यांपुढे भिंग, हातात चिमटा, पायाखाली वेल्डिंगचं पेडल. नखाएवढी अभ्रकाची चकती, तिला सुईच्या टोकाएवढी भोकं. त्या भोकांत दोन उभ्या काड्या बसवायच्या. काड्यांभोवती बारीक तारेचे समान अंतराचे वेढे असतात, ही ग्रिड. वेढा जरासा सरकला तर व्हॉल्व्ह बाद. ग्रिडच्या मधोमध फिलामेंट ओवायची. तिच्यावर पांढऱ्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो आणि चिमटा चुकून तिथे लागला तर टवका उडतो. बोटाने काहीच धरायचं नाही, कारण कातडीचा तेलकटपणा आत राहिला तर निर्वात पोकळी टिकत नाही. बाहेरून धातूची प्लेट, वरून दुसरी चकती, मग प्रत्येक तारेचं टोक आपल्या जागी टेकवून पेडल दाबायचं. क्षणभर ठिणगी. दाब कमी पडला तर टाका कच्चा, जास्त पडला तर तार वितळली. हा सांगाडा मग काचेच्या नळीत जातो, काच वितळवून बंद होते, हवा ओढून घेतली जाते. शेवटी आत बेरियमचा एक कण तापवून उडवतात. तो काचेवर आरशासारखा डाग होऊन बसतो आणि उरलीसुरली हवा शोषून घेतो. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हवर दिसणारा तो चंदेरी डाग हाच.

आता यात एखादी फिलामेंट किंचित सैल राहिली तर काय होईल? गोळा उडताना ती थरथरेल. थरथरीने विजेतही लाट उठेल आणि फ्यूजला वाटेल विमान आलं. गोळा अर्ध्या वाटेतच फुटेल. सुरुवातीच्या चाचण्यांत निम्म्याच्या थोडे वर फ्यूज नीट चालले, तेव्हाच नौदलाने कारखाने सुरू करायला सांगितलं होतं, यावरून हे काम किती निसरडं होतं ते कळतं. १९४२ साली एका फ्यूजची किंमत ७३२ डॉलर होती, १९४५ मध्ये १८ डॉलर. प्रचंड संख्या, सुधारलेली यंत्रं, हे त्यामागे आहेच. पण बाद मालाचं प्रमाण खाली आल्याशिवाय अशी किंमत उतरत नाही, आणि ते खाली आलं त्यात या बाकांवर बसून बोटांना वळण लावणाऱ्या बायकांचा वाटा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

कारण हे वळण लागतं कसं, ते मी घरात ऐकलेलं आहे. माझी मावशी १९८०च्या दशकात भोसरीतल्या एका कारखान्यात बारीक तारेच्या कॉइल गुंडाळायची. सुपरवायझर सगळ्यांना सांगायचा, मुलींची बोटं मुळातच नाजूक, म्हणून हे काम मुलींचं. मावशी म्हणायची, “अगं, पहिले तीन आठवडे मी तार गुंडाळली कमी आणि तोडली जास्त. रात्री डोळे चुरचुरायचे. बोटं नाजूक होती म्हणून नाही जमलं, तुटेल तेवढी तार तुटून झाली म्हणून जमलं.” त्याच शेडमध्ये प्रेसवर बसणारे पुरुष ‘कुशल’ श्रेणीत होते. मावशी नोकरी सोडेपर्यंत ‘अर्धकुशल’ राहिली. नाजूक बोटं ही तर जन्मजात देणगी, तिला कसले पैसे द्यायचे?

हे शब्द तिच्या कारखान्यात जन्मलेले नव्हते. अमेरिकेत दिव्यांच्या आणि रेडिओच्या कारखान्यांत बायका युद्धाच्या कितीतरी आधीपासून होत्या. त्यामुळे मोटारीच्या किंवा जहाजांच्या कारखान्यासारखं इथे ‘पुरुष गेले, त्यांच्या जागी बायका आल्या’ असं सरळ घडलं नाही. विजेच्या वस्तूंच्या उद्योगात १९४० मध्येच जवळपास एक तृतीयांश कामगार बायका होत्या आणि १९४४ पर्यंत त्या निम्म्याच्या जवळ गेल्या. ‘बायकांची कामं’ आधीच वेगळी काढलेली होती, त्यांचा दरही वेगळा लावलेला होता. युद्धाने फक्त त्यांची संख्या फुगवली.

वेस्टिंगहाउस कंपनीचं उदाहरण कागदावरच मिळतं. तिथे प्रत्येक कामाला कौशल्य, जबाबदारी वगैरे पाहून गुण दिले जात. म्हणजे मोजमाप होतं. पण तितकेच गुण असलेल्या बायकांच्या कामाला पुरुषांच्या कामापेक्षा कमी दर लावायचा, असं कंपनीच्या १९३०च्या दशकातल्या नियमपुस्तिकेतच होतं. कारण दिलं होतं की बायका उद्योगात थोडाच काळ टिकतात, त्यांची नोकरी तात्पुरती असते. हाताखालच्या कामाची किंमत आधी मोजायची आणि मग करणारी बाई आहे म्हणून ती उतरवायची, याचा इतका उघड पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

युद्धकाळात पगारवाढीला सरकारच्या नॅशनल वॉर लेबर बोर्डाची परवानगी लागायची. नोव्हेंबर १९४२ मध्ये या बोर्डाने काढलेल्या हुकमाने मालकांना एक मुभा दिली: बायका पुरुषांइतकं आणि तसंच काम करत असतील तर त्यांचा पगार पुरुषांच्या बरोबरीला आणायला बोर्डाची परवानगी लागणार नाही. मुभा होती, सक्ती नव्हती. आणि व्हॉल्व्ह जुळवणाऱ्या बाईला तिचा फारसा उपयोगही नव्हता, कारण तिच्या बाकावर तुलना करायला पुरुष बसलेलाच नसे. विद्युत कामगारांची युनियन, युनायटेड इलेक्ट्रिकल, नेमका हाच मुद्दा घेऊन जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउसविरुद्ध बोर्डापुढे गेली. बायकांची कितीतरी सराईत कामं पुरुष झाडूवाल्याच्या दरापेक्षाही खाली आहेत, ही तिची तक्रार. बोर्डाने १९४५च्या अखेरीस युनियनचं म्हणणं मान्य केलं. पण तोवर युद्ध संपलं होतं आणि निकाल अमलात आणायला लावण्याची ताकद बोर्डात उरली नव्हती.

बायका म्हणून सगळ्यांना एकच वागणूक मिळत होती असंही नाही. संरक्षण उद्योगात वर्णभेद करायचा नाही, हा रूझवेल्ट यांचा हुकूम जून १९४१चा. तरी बॉल्टिमोरमधल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पॉइंट ब्रीझ कारखान्यात डिसेंबर १९४३ मध्ये गोऱ्या कामगारांनी संप केला, तो संडास-न्हाणीघरं कृष्णवर्णीयांबरोबर वापरावी लागू नयेत म्हणून. सैन्याला हवी असलेली तार आणि केबल तिथे बनत होती. शेवटी लष्कराला कारखाना ताब्यात घ्यावा लागला. हे वाचताना मला मुंबईच्या गिरण्यांतलं साचेखातं, म्हणजे कापड विणण्याचं खातं, आठवतं. धोटा भरताना धागा तोंडाने ओढावा लागतो आणि विटाळ होतो, या कारणाने दलित कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात घेत नसत. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसाला लावला होता.

आणि या सगळ्यावर गुप्ततेचं झाकण. फ्यूज जुळवणाऱ्या मुख्य कंपन्यांपैकी एक सिनसिनाटीची क्रॉसली. तिथे या कामाचं सांकेतिक नाव होतं ‘मादाम एक्स’. टेबलाशी बसणाऱ्या बायकांना आपल्यापुढचा तुकडा तेवढा ठाऊक असे. तो पुढे कुठे जातो, कशात बसतो, हे विचारायचं नाही आणि घरी बोलायचं नाही. इप्सविचसारख्या, सगळे सगळ्यांना ओळखतात अशा गावातही गुपित राहिलं. फुटलं ते दुसरीकडून. न्यूयॉर्कच्या एमर्सन रेडिओ कारखान्यातून एक फ्यूज ज्युलियस रोझेनबर्ग यांनी सोव्हिएत हेराच्या हाती दिला. ते लष्कराच्या सिग्नल कोअरचे तपासनीस होते.

सुरुवातीला हा फ्यूज फक्त समुद्रावर वापरायची परवानगी होती. जमिनीवर न फुटलेला गोळा शत्रूच्या हाती लागला तर तो त्याची नक्कल करेल ही भीती. १९४४च्या उन्हाळ्यात जर्मनीची व्ही-१ ही उडती बॉम्बविमानं लंडनवर येऊ लागली तेव्हा इंग्लंडच्या किनाऱ्यावर तोफा आणल्या, त्यांना रडार आणि नेम काढणारं यंत्र जोडलं आणि गोळ्यांना हे फ्यूज बसवले. किनाऱ्याच्या पट्ट्यात शिरलेल्या व्ही-१ पैकी पहिल्या आठवड्यात तोफांनी १७ टक्के पाडल्या, शेवटच्या आठवड्यात ७४ टक्के. डिसेंबरात बेल्जियममधल्या आर्डेनच्या लढाईत जमिनीवरही तो वापरला गेला. गोळा सैनिकांच्या डोक्यावर काही मीटरवर फुटायचा, त्यामुळे खंदकात झोपूनही सुटका नसे. लंडनमध्ये वाचलेली माणसं आणि आर्डेनच्या बर्फात मेलेली माणसं, दोन्हींच्या मागे तेच व्हॉल्व्ह होते. लिहिताना मला यातलं एक धरून दुसरं सोडता येत नाही.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि लष्कराच्या मागण्या धडाधड रद्द झाल्या. पाळ्या बंद झाल्या, हजारो बायका घरी पाठवल्या गेल्या. पुष्कळशा परतही आल्या, कारण टेलिव्हिजनला व्हॉल्व्ह लागत होते आणि तो चिमटा धरायला शिकलेले हात दुसरीकडे नव्हते. सप्टेंबरमध्ये नौदलाने फ्यूजचं गुपित जाहीर केलं. आपण तीन-तीन वर्षं भिंगाखाली काय जुळवत होतो, हे त्यातल्या अनेकींना वर्तमानपत्रातून कळलं.

वेस्टिंगहाउसची ती जुनी नियमपुस्तिका पुढे पस्तीस वर्षांनी कोर्टात आली. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या दिव्यांच्या कारखान्यातल्या बायकांचा पगार अजूनही त्याच जुन्या हिशेबाच्या सावलीत ठरतोय, असा दावा होता. कंपनीचं म्हणणं असं की काम तंतोतंत सारखं नसेल तर पगारातल्या भेदभावाची तक्रारच करता येत नाही. १९८० मध्ये अपील कोर्टाने ते फेटाळलं आणि खटला चालू द्यायला सांगितलं.

मावशी भोसरीत कॉइल गुंडाळायला लागली ती त्यानंतर दोन वर्षांनी.